मुकादमाच्या मापाचा पट्टा

१

पालघरच्या माहीम रस्त्याच्या कडेची जुनी झाडे ज्याने पाहिली आहेत, त्याला पट्टे ठाऊक असतात. बुंध्याला खाली चुना, चुन्याच्या वर गेरूचा पट्टा. चुन्याने वाळवी दबते आणि गेरूने झाड गाडीवाल्याच्या नजरेत भरते. सव्वीस जानेवारीच्या आधी हे काम उरकायचे, ही नगर परिषदेची जुनी वहिवाट. पट्टा किती उंचीवर मारायचा याचा हुकूम मात्र कुठे लिहिलेला नाही. पालघरात ते माप आनंदा मुकादमाचे.

रीत साधी होती. आनंदा झाडाला पाठ लावून ताठ उभा राही. टाचा मुळाशी, मान सरळ, डोळे समोर. हाताखालचा मजूर चिंधू खडू घेऊन पुढे होई आणि मुकादमाच्या शर्टाचा खिसा जिथे सुरू होतो त्या उंचीला बुंध्यावर रेघ ओढी. रेघेखाली गेरू, गेरूखाली चुना. मग पुढचे झाड. टेपचे नाव काढले की आनंदाच्या कपाळाला आठी पडे.

"टेप ताणली की लांब हुती," तो म्हणे. "मानूस ताणून लांब हुत न्हाय."

माणदेशातून तो तरणा असताना इकडे आला. परिषदेत झाडांना पाणी घालण्यापासून सुरुवात केली आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. झाडांचे काम ठेक्यावर गेले तेव्हा उद्यान विभागाच्या भावना मॅडमनी अट घातली की मुकादम आनंदाच राहील. ठेकेदार दिपेशला ही अट घशात अडकलेल्या काट्यासारखी होती. त्याचा मेहुणा घरी बसून होता. आनंदाला हे माहीत होते. माणसाने आपल्या खुर्चीवर कोणाचा डोळा आहे हे ओळखून असावे, म्हणजे खुर्ची टिकते, असे त्याचे मत होते.

त्या जानेवारीत काम वळणावरच्या शिरिषापाशी आले. मोठे झाड. निम्म्या रस्त्यावर सावली. आनंदा पाठ लावून उभा राहिला. चिंधूने खडू उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मुकादम, सरळ उभे रा ना."

"सरळच हाय. तुझी नजर वाकडी आसंल."

"मंग ह्या जुना पट्टा बगा. तुमच्या कमरेला लागतो."

आनंदाने मान वळवून पाहिले. गेल्या वर्षीचा गेरू फिका पडला होता, पण दिसत होता. त्याची वरची कड पँटच्या पट्ट्याशी येत होती. मागच्या सगळ्या झाडांवर नवी रेघ जुन्या पट्ट्याच्या कडेवर बरोबर बसली होती. या एकाच झाडावर नाही.

"कुनीतरी मारलाय खाली," आनंदा म्हणाला. "मला येडा ठरवायला. वड रेघ खिशापाशी."

चिंधूने रेघ ओढली. जुन्या गेरूवर त्यांनी चुना फिरवला. पण चुना ओला असेतो खालचा गेरू त्यातून दिसत राहिला.

२

झाड शेंड्याला वाढते. बुंध्यात आज ठोकलेला खिळा झाडाच्या जन्मभर त्याच उंचीवर राहतो. झाड जाड होईल, खिळा गिळून टाकील, पण वर नेणार नाही आणि खाली आणणार नाही. हे झाडाचे काम करणाऱ्या प्रत्येकाला कळते. म्हणून आनंदाला खात्री होती की यात माणसाचा हात आहे. दिपेशने कोणाला तरी डबा-ब्रश देऊन पाठवले असणार.

एकच गोष्ट त्यात बसत नव्हती. त्याच झाडावर मूळव्याधीच्या औषधाची एक पत्र्याची पाटी होती. कोणा वैद्याने गेल्या दिवाळीत ती शिडी लावून ठोकली होती, आनंदाने त्यावरून त्या माणसाशी भांडणही केले होते. झाडांचे खिळे काढायचे फर्मान यंदा निघालेच होते. चिंधूची बायको लाडकी शिडी आणायला निघाली.

"शिडी कशाला?" आनंदा म्हणाला. त्याने हात वर केला आणि पाटी हाताला आली. मारतुलाच्या मागच्या टोकाने त्याने खिळा उपटला.

लाडकी हसली. "मुकादम उंच झाले का? का मूळव्याध खाली उतरली?"

चिंधू हसला नाही.

आनंदा वाकला आणि बुंध्याभोवतीचा पदपथ त्याने बोटांनी चाचपला. मागे परिषदेने तिथे सिमेंटचे ठोकळे बसवले होते आणि झाडाला श्वास घ्यायला म्हणून मधे मातीचे आळे सोडले होते. आता आळे नव्हते. ठोकळे थेट सालीला भिडले होते. कुठे उचकटलेले नव्हते, कुठे खचलेले नव्हते, कुठे तडा नव्हता. मधे केस सरकेल एवढीही फट नव्हती. शिंप्याने दाबून शिवलेल्या काठासारखे ते चारी बाजूंनी बसले होते.

डहाणू-तलासरीकडे जमीन हलते, तिचा धक्का इथवर येतो. कंपन्यांनी बोअर मारून पाणी ओढले की जमीन बसते. आनंदाने ही दोन्ही कारणे मनात धरली. मग दोन्ही सोडली. जमीन बसली असती तर ठोकळे वाकडे झाले असते. आणि बाजूचा करंज का नाही बसला?

दिपेशच, असे त्याने ठरवले. ठोकळेही त्यानेच नव्याने बसवले असतील. ठेकेदाराला काय अवघड आहे?

३

वळणावरचा शिरीष आनंदाला जवळचा होता, कारण त्याच्या बुंध्याशी राहीबाई बसे.

राहीबाई म्हणजे त्याची बायको. मुलगा सुजित तारापूरच्या कंपनीला लागून बोईसरला राहायला गेला, तेव्हापासून ती या झाडाखाली भाजी विकत होती. माकुणसार-सफाळ्याकडून पहाटे वालाच्या शेंगा, रताळी, केळफुले येत. ती बुंध्याला पाठ टेकून, गोणपाटावर मांडी घालून बसे ती दिवे लागेपर्यंत. दुपारी आनंदाही तिथेच भाकरी खाई आणि बुंध्याला डोके लावून डुलकी घेई. झाडाला त्या दोघांच्या तेलकट डोक्यांचे दोन डाग पडले होते, एक मोठा, एक लहान.

"आमच्याबिगर हितं कुनी रंग मारायला आलं हुतं?" त्याने विचारले.

"न्हाय बा."

"ठोकळं बसवायला?"

"मी हितंच असती की दिसभर. माझ्या बुडाखालचं ठोकळं कुनी काढलं तर मला कळायचं न्हाय व्हय?"

"तू डुलक्या घेतीस."

"तुमी घेता. मी गिऱ्हाईक बघती." तिने एका शेंगेचा दोर काढला. "आन तुमास्नी सांगू? हितं बसलं की पाय दुखत न्हाईत. घरात दुखत्यात. हितं न्हाय. कुनीतरी खालनं हात दिल्यावानी वाटतं."

"खालनं?"

"म्हंजी हलकं वाटतं."

आनंदाने भाकरीचा घास खाली ठेवला. बुंध्यावरचे तेलाचे डाग तो शोधत होता. ते त्याच्या डोक्याशी नव्हते. मोठा डाग त्याच्या पाठीमागे, पार खाली होता. लहान डाग भाजीच्या पाटीआड गेला होता.

"जागा बदल," तो म्हणाला. "करंजाखाली बस."

"करंजाखाली कावळे घान करत्यात. आन माझं गिऱ्हाईक हितलं." ती हसली. "झाडावर बी संशय घेताय काय आता? माझ्यावर तरी घ्या कदी, बरं वाटंल मला."

आनंदा हसला नाही. तो हसत नसे. पण तिच्या बोलण्याने दर वेळी त्याचे मन जाग्यावर येई, तसे त्या वेळी आले नाही.

४

मार्चात छाटणी सुरू झाली. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या आधी. चिंधू डोंगराकडचा, झाडावर तो जिना चढल्यासारखा चढे. चढण्याआधी बुंध्याला कपाळ टेकवून तो म्हणे, "दादा, येतो." उतरल्यावर तसेच टेकवून म्हणे, "दादा, जातो." त्याच्या बापाची ही रीत, आजाची ही रीत. आनंदाने त्याला कधी हसून घालवले नाही. ज्याच्या खांद्यावर चढायचे त्याला विचारावे, यात वाईट काही नाही.

वळणावरच्या शिरिषापाशी चिंधूने कपाळ टेकवले आणि तो चढला. कोयता चालला, दोन फांद्या दोराने खाली आल्या. मग कोयता थांबला. चिंधू उतरू लागला. तो सवयीने उतरत होता, न बघता. शेवटच्या टप्प्यावर त्याचा पाय जमिनीला असा आपटला की गुडघा दुमडून तो बसलाच. जिन्यात एक पायरी उरली आहे असे वाटावे आणि ती नसावी, तसे.

आनंदा पुढे झाला. "काय रं? चक्कर आली?"

"नाय."

"मग?"

"जमीन लवकर लागली."

चिंधू उठला, कोयता कमरेला अडकवला, आणि दोर गुंडाळू लागला. कपाळ त्याने टेकवले नाही.

"निरोप घेतला न्हाईस," आनंदा म्हणाला.

"जे ऱ्हातं त्याचा निरोप घेतात, मुकादम. ह्या तर जातंय."

"कुठं जातंय?"

चिंधूने दोराचे वेटोळे खांद्यावर टाकले. त्याने आनंदाकडे पाहिले. डोक्यापासून पायांपर्यंत पाहिले आणि पायांशी नजर थांबवली, मग झटक्यात बाजूला घेतली.

"राहीमावशीला इथं बसवू नका," तो म्हणाला. "आन तुमी पन नका बसू."

दुसऱ्या दिवशी चिंधू आणि लाडकी कामावर आली नाहीत. भिवंडीच्या वीटभट्टीवर गेली असे कळले. भट्टीचा हंगाम तेव्हा निम्मा उलटला होता. त्या वेळी कोणी नव्याने जात नाही.

आनंदाने यातही दिपेश पाहिला. आपला माणूस फोडला, असे तो चार ठिकाणी बोलला. पण त्याच दिवशी तो शिरिषापाशी एकटा गेला, पाठ लावून उभा राहिला, आणि त्याने खाली मान घालून पाहिले. जानेवारीत खिशापाशी मारलेला पट्टा कमरेच्या खाली गेला होता. गेरू अजून ताजा होता. त्यावर चिंधूच्या ब्रशचा ओघळ होता, तो आनंदाने मारताना पाहिलेला, डावीकडे वळलेला ओघळ. तोच पट्टा होता. कोणी दुसरा मारलेला नव्हता.

त्याने ओघळावरून बोट फिरवले. मग त्याने स्वतःशी ठरवले की ओघळ सारखे असू शकतात.

५

एप्रिलात कोणी मंत्री येणार म्हणून कचेरी रस्त्याच्या झाडांना पुन्हा रंग द्यायचे ठरले. चिंधूच्या जागी दिपेशने बोईसरहून दोन परप्रांतीय मजूर दिले. आनंदा झाडाला पाठ लावून उभा राही, ते रेघ ओढत आणि "हो गया चाचा" म्हणत. काम झटपट झाले.

दुसऱ्या सकाळी भावना मॅडमनी त्याला कचेरी रस्त्यावर बोलावले. दिपेश आधीच येऊन उभा होता. त्याच्या हातात टेप होती.

"काका, हे बघा," मॅडम म्हणाल्या.

पहिल्याच झाडावर नव्या पट्ट्याच्या वर जानेवारीचा जुना गेरू वीतभर उघडा राहिला होता. दुसऱ्या झाडावर तेच. पुढे नजर जाईल तिथवर प्रत्येक झाडाला दोन पट्टे होते, एक फिका, एक ताजा, आणि ताजा खाली.

"यांनी वाकडी रेघ मारली," आनंदा म्हणाला.

"सगळ्या झाडांवर सारखीच वाकडी?" दिपेश म्हणाला. "काका, चश्म्याचा नंबर बदला. नायतर काम बदला."

"दिपेश, तुम्ही जरा गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. आनंदाला त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, रागावू नका. तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तुम्हीच सांगितलं होतंत. ऑपरेशन करून घ्या. तोवर सुट्टी घ्या. जागा तुमचीच राहील, माझा शब्द."

आनंदाला शब्द ऐकू आले, पण तो दुसरेच पाहत होता. भावना मॅडम ठेंगण्या. त्याच्याशी बोलताना त्या नेहमी मान वर करून बोलत. आज त्यांचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर होते. उंच टाचांच्या चपला घातल्या असतील, असे त्याच्या मनात आले. त्याने खाली पाहिले. मॅडमच्या पायात सपाट रबरी चपला होत्या.

त्याने लगेच नजर वर घेतली.

"वाळलात तुम्ही काका," मॅडम म्हणाल्या. "जेवता ना नीट?"

"खिसा खाली शिवलाय," आनंदा म्हणाला. "नवा शर्ट हाय. शिंप्याची चूक."

शर्ट जुना होता. मॅडमनाही तो जुना दिसत होता. दिपेशने टेप खटकन आत सोडली.

६

सुट्टीचा पहिला दिवस. आनंदा घरात बसून होता. रेल्वेच्या पलीकडे त्यांची एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा, कोपऱ्यात मोरी. इतकी वर्षे तो सकाळी या घरात कधी नसेच. आता बसल्या बसल्या त्याला एकेक दिसू लागले. शर्टाचा खिळा वर गेला होता, सदरा अडकवायला टाच उचलावी लागे. पायजमा जमिनीवर लोळत होता. उंबरा ओलांडताना पाय अडखळत होता.

"खिळा कुनी काढून वर ठोकला?" त्याने विचारले.

"कुनी न्हाय."

राहीबाई भांडी विसळून मोरीतून चुलीकडे गेली, चुलीकडून दाराशी आली. आनंदा ऐकत होता. तिच्या जोडव्यांचा शहाबादी फरशीवर आवाज येई. खट्, खट्. लग्नापासून तो आवाज त्याच्या कानांत होता, म्हणून तो कधी ऐकू आलाच नव्हता. आता तो नव्हता, तेव्हा कळले.

"जोडवी काढलीस का?"

"मेल्यावर काढत्यात ती. आसं काय बोलता?"

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोके त्याच्या खांद्याला लागत असे. लग्नाच्या फोटोतही तसेच होते, फोटो समोरच्या भिंतीवर होता. आता ते त्याच्या बरगडीशी आले होते. लुगड्याच्या निऱ्या फरशीवर ढीग होऊन पडल्या होत्या. तिचे पाय शेवटचे कधी पाहिले हे त्याला आठवेना.

म्हातारपणी बाई वाकते. हाडे झिजतात. सगळ्यांचीच झिजतात. त्याने मनाशी ही वाक्ये एकामागून एक मांडली.

मग ती पाय धुवायला मोरीत गेली. बाहेर निघण्याआधी ती नेहमी पाय धूत असे. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी मोरीच्या दगडावर पडली होती. तिने लुगडे गुडघ्यापर्यंत उचलले आणि तांब्या कलता केला. पाणी गुडघ्यावरून पोटरीवर आले, पोटरीवरून दगडावर आले, आणि पसरले.

मधे पाऊल नव्हते.

पोटरी दगडात उतरत होती. दगड तिच्या कातडीला चारी बाजूंनी भिडला होता. कुठे फुटलेला नव्हता, कुठे उचकटलेला नव्हता. मधे केस सरकेल एवढीही फट नव्हती.

तिने लुगडे सोडले. ऊन हलले. ती मोरीतून बाहेर आली, आवाज न करता, आणि पाटी उचलू लागली.

आनंदाने डावा डोळा झाकून पाहिले, मग उजवा. दगडावर साबणाचा फेस होता. फेसात पाय दिसत नाहीत. मोतीबिंदूच्या डोळ्याला तर नाहीच.

"आज जाऊ नगंस," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "सुजितकडं जाऊ. बोईसरला. आत्ता. तो कवाचा बोलावतोय."

"तिकडं चौथ्या माळ्यावर ठेवील तो मला. मी काय कबुतर हाय?"

"राही, मी सांगतोय."

ती थांबली. लग्नानंतर त्याने तिला नावाने फार वेळा हाक मारली नव्हती. तिने त्याच्याकडे वर पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लपवलेले काही पकडले गेले की माणसाचा चेहरा होतो, तसा चेहरा होता.

"मला तिकडनं उठवू नका," ती म्हणाली. "उठवलं की लई दुखतं. तुमाला एवढी काळजी हाय, तर तुमी येऊन बसा की जवळ."

७

आणि आनंदा जाऊन बसला.

त्याने स्वतःला सांगितले की तो पाळत ठेवायला बसला आहे. दिपेशचा माणूस ब्रश घेऊन येईल, ठोकळे खालीवर करील, तेव्हा त्याला मानगुटीला धरून मॅडमपुढे उभे करायचे. बायकोलाही नजरेखाली ठेवता येईल. सकाळी तो तिच्याबरोबर येई, बुंध्याला पाठ घट्ट लावून बसे. पाठ लावलेली असली की मागून कोणी काही करू शकत नाही. दिवे लागले की दोघे उठत.

येणारेजाणारे तो निरखून पाही. एक माणूस मोटारसायकल लावून उगाच उभा राहिला. दिपेशचा असेल. एका बाईने झाडाचा फोटो काढला. कशाला? गिऱ्हाइके वाल घ्यायला येत ती आता फार खाली वाकून बोलत, लहान मुलांशी बोलावे तशी. एका ओळखीच्या मास्तरने वाकून विचारले, "मुकादम, बरे आहात ना?" आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहिला. आनंदाला त्याचाही संशय आला.

ब्रशवाला आला नाही.

पण बसणे त्याला बरे वाटू लागले. डावा गुडघा अनेक वर्षे ठणकत होता, तो थांबला. खालून कोणी हात दिल्यासारखे वाटे, राहीबाई म्हणाली होती तसे. दुपारी डोळा लागे तेव्हा बुंध्याच्या आत काहीतरी संथपणे सरकल्याचा आवाज येई, विहिरीत दोर सोडताना येतो तसा. जाग आली की तो आवाज पाठीच्या कण्यात राही. मूळ पाणी ओढते, त्याचा आवाज असेल. एवढे मोठे झाड, पाणीही तेवढेच ओढणार.

मॅडम एकदा गाडीतून गेल्या. गाडी हळू झाली. मॅडमनी काच खाली केली, झाडाकडे पाहिले, पदपथावर इकडेतिकडे पाहिले. आनंदाने हात वर केला. मॅडमना तो दिसला नाही. काच वर गेली.

"मला बघून न बघितल्यासारखं केलं," आनंदा म्हणाला. "त्यो दिपेश कान भरतोय."

राहीबाईने त्याच्या हातात एक शेंग दिली. "सोला," ती म्हणाली. "हात रिकामा नगं."

८

मे महिन्यातली एक संध्याकाळ होती. आभाळात ढग नव्हते. राहीबाईने उरलेली रताळी पाटीत भरली. आनंदा उठला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने झाडाला पाठ लावून ताठ उभा राहिला. टाचा मुळाशी. मग त्याने खिशाकडे पाहिले.

गेरूचा पट्टा खिशाशी होता.

वर नाही, खाली नाही. वरची कड खिशाच्या कडेला बरोबर लागली होती. त्याने बोट लावून पाहिले. डावीकडे वळलेला ओघळही तिथेच होता. जानेवारीत मारला तसा, अगदी तसा.

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसू येईल असे त्याला वाटले, आणि आलेही. सगळे जाग्यावर आले होते. बसला तो बरेच झाले, पाळत ठेवली तर चोर पळतोच. आता मॅडमना बोलवायचे, पाठ लावून दाखवायची, आणि दिपेशच्या हातातली टेप त्याच्याच गळ्यात बांधायची.

"राही, हिकडं ये. बघ."

ती येऊन शेजारी उभी राहिली. तिचे डोके त्याच्या खांद्याला लागले. बरोबर खांद्याला, फोटोतल्यासारखे. त्याने पुन्हा पाहिले. बरगडीशी नाही, खांद्याला. म्हणजे तेही डोळ्यांचेच होते. उगाच तो मोरीच्या दगडावरून मनाला घोर लावून बसला होता.

"तू बरी हायस," तो म्हणाला.

"मी बरीच हुती. तुमी यायची वाट बघत हुती."

ते निघाले. पाटी तिने कडेवर घेतली होती. शिरिषाच्या पुढचे झाड म्हणजे तो करंज. जानेवारीत त्याच दिवशी, त्याच डब्यातला, त्याच मापाचा पट्टा त्याला मारलेला. आनंदाला राहवले नाही. सगळे ठीक आहे हे अजून एकदा पाहावे, एवढेच. तो करंजाला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने खिशाकडे बघितले.

खिशाशी चुना होता.

त्याने मान वळवली. डोळ्यांशीही चुना होता. त्याने हात वर केला, पूर्ण वर, औषधाची पत्र्याची पाटी काढताना केला होता तसा. बोटांना चुन्याची भुकटी लागली. त्याने मान मागे टाकली आणि वर पाहिले. गेरूचा पट्टा तिथे, हाताच्या पलीकडे होता, आणि त्याच्या वर करंज आभाळापर्यंत गेला होता. त्याच्या पुढचे झाड तसेच. त्याच्या पुढचे तसेच. माहीमकडे जाणाऱ्या सगळ्या झाडांचे पट्टे एका ओळीत, एका उंचीवर, त्याच्या डोक्यावरून निघून गेले होते.

त्याची मान आपोआप खाली येऊ लागली. छातीवरून पोटाकडे, पोटावरून गुडघ्यांकडे.

राहीबाईने त्याची हनुवटी धरली.

"खाली बघू नका," ती म्हणाली. "खाली बघितलं की पाऊल उचलत न्हाय. मला ठावं हाय."

तिने त्याचा हात हातात घेतला. आनंदाने मान सरळ केली, डोळे समोर ठेवले, माप देताना ठेवी तसे. समोरून एक बाई मुलाला घेऊन येत होती. ती त्यांच्या अगदी जवळून, न थांबता, न वळता गेली.

दोघे चालू लागले. पदपथाच्या ठोकळ्यांमधून दोन माणसे पुढे सरकत होती, आणि आवाज एकाचाही येत नव्हता.